नालासोपाऱ्यात गाळ साचतो, मग अर्नाळ्याची वाळू जाते कुठे?

पावसाळा सुरू झाला की वसई-विरारचे दोन प्रकारचे व्हिडिओ आपल्या मोबाइलवर हमखास येतात. पहिला नालासोपाऱ्याचा. रस्त्यावर कमरेएवढं पाणी, पाण्याखाली गेलेले रूळ, दुचाकी ढकलत निघालेली माणसं. दुसरा अर्नाळा, राजोडी किंवा कळंबच्या किनाऱ्याचा. सुरूची झाडं मुळांसकट आडवी पडलेली आणि लाटा थेट बागेत शिरलेल्या.

पहिला व्हिडिओ बघून आपण म्हणतो, नाले आणि खाड्या गाळाने भरल्यात. दुसरा बघून म्हणतो, किनाऱ्यावरची वाळू संपत चाललीय.

आता ही दोन वाक्यं एकत्र वाचा. एका ठिकाणी गाळ जास्त झालाय आणि दुसऱ्या ठिकाणी वाळू कमी पडतेय. या दोन्हींमधलं अंतर रिक्षाने फार तर अर्ध्या तासाचं. बरं, गाळ आणि वाळू येतात एकाच ठिकाणाहून, डोंगरातून. मग एवढ्याशा पट्ट्यात एकाच वेळी सुकाळ आणि दुष्काळ कसा?

हे समजायचं तर डोंगरापासून समुद्रापर्यंतची सगळी वाट बघावी लागेल. पाणी कुठून येतं, सोबत काय आणतं आणि ते वाटेत कुठे अडकतं? सुरुवात करूया या दोन व्हिडिओंच्या मधोमध असलेल्या एका गावापासून, निर्मळपासून.

निर्मळ नेमकं कुठे आहे?

नालासोपारा पश्चिमेहून कळंबच्या समुद्राकडे निघालात की वाटेत निर्मळ लागतं. मोठं तळं, टेकाडावरचं शंकराचार्यांचं मंदिर, कार्तिक वद्य एकादशीपासून भरणारी यात्रा आणि त्या यात्रेत मिळणारी वसईची सुकेळी यासाठी हे गाव ओळखलं जातं. पण आज आपल्याला त्याची जागा महत्त्वाची आहे.

गावाच्या पश्चिमेला अरबी समुद्र. पूर्वेला सोपारा खाडीचा सखल पट्टा, त्याच्या पलीकडे रेल्वे, मग महामार्ग आणि शेवटी तुंगारेश्वरचा सहाशे मीटरहून उंच डोंगर. उत्तरेला वैतरणा नदी अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. दक्षिणेला उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्रात जाते.

म्हणजे दोन बाजूंना दोन नद्या, एका बाजूला समुद्र आणि एका बाजूला डोंगर. सोपारा खाडी एकेकाळी उत्तरेची वैतरणा आणि दक्षिणेची वसई खाडी यांना जोडायची. त्यामुळे निर्मळ, आगाशी, वसई हा सगळा भाग जवळपास बेटासारखा होता. समुद्राच्या बाजूला वाळूचे उंचवटे, त्यांवर वाड्या आणि गावं, तर मागे भरतीचं पाणी खेळणारं खाजण, अशी इथल्या जमिनीची रचना आहे.

ही जमीन नद्यांनी आणि लाटांनी आणून टाकलेल्या वाळूची आणि गाळाची आहे. वसईची केळी आणि फुलं ज्या मातीत वाढली, तिचा बराच भाग इथे वाहत आलेला आहे.

डोंगरातला दगड वाळू कसा होतो?

वैतरणेचा उगम त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगेत आहे. गोदावरीही तिथलीच. त्या डोंगरावर पडलेला पाऊस पूर्वेला घरंगळला तर जवळपास १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेला घरंगळला तर सुमारे १५० किलोमीटरमध्ये अर्नाळ्याला पोहोचतो. उंची तेवढीच, पण उतरायला अंतर फार कमी. म्हणून कोकणातल्या नद्या वरच्या भागात प्रचंड वेगाने धावतात.

वेगाने धावणारं पाणी मोकळ्या हाताने जात नाही. सह्याद्रीचा काळा दगड ऊन-पावसाने झिजतो, फुटतो, त्याची माती होते. हा माल पाणी तीन प्रकारे वाहून नेतं.

मोठे दगड आणि गोटे तळावरून गडगडत जातात, तेही फक्त मोठ्या पुरात. वाळू तळाला लागून उड्या मारत पुढे सरकते. आणि अगदी बारीक माती पाण्यात तरंगत जाते. आपल्याला पाणी गढूळ दिसतं ते या तिसऱ्या प्रकारामुळे.

यात एक गोष्ट लक्षात ठेवायची. बारीक मातीला पाण्याचा थोडा वेगही पुरतो. वाळूला जास्त वेग लागतो. गोट्यांना त्याहून जास्त. वेग कमी झाला की आधी गोटे थांबतात, मग वाळू थांबते आणि सगळ्यात शेवटी माती.

म्हणून नदी वर्षभर सारखं काम करत नाही. वैतरणेचं बहुतेक पाणी जून ते सप्टेंबरमध्ये वाहतं आणि वाळू पुढे सरकवण्याचं काम त्यातल्याही मोजक्या पुराच्या दिवसांत होतं. एखादा गोटा वर्षानुवर्षं एका वळणावर पडून राहतो आणि एका रात्रीच्या पुरात पुढच्या वळणावर जातो. वाळूचा कण असाच टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत समुद्राकडे येतो.

नदीचे पूर म्हणजे फक्त संकट, असं आपल्याला वाटतं. किनाऱ्यासाठी मात्र पूर ही वाळूची गाडी असते. ती वर्षातून काही वेळाच सुटते.

खाडीत चिखल का साचतो?

घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की काय होतं? मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. पाणी निवळतं.

खाडीत हेच काम समुद्राचं मीठ करतं. नदीच्या गोड्या पाण्यात मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना दूर ढकलत असतात, म्हणून ते तरंगतात. खारं पाणी मिसळलं की ते एकमेकांना चिकटून गोळे बनतात आणि खाली बसतात. त्यातच भरती येते, नदीचं पाणी अडतं आणि वेग जवळपास शून्यावर येतो. चिखल साचायला याहून चांगली जागा नाही.

त्यात तिवरं असतील तर आणखी भर. त्यांची मुळं पाण्याला अडवतात, वेग कमी करतात आणि गाळ धरून ठेवतात.

वाळूचं गणित वेगळं आहे. ती पुराच्या जोरावर नदीच्या मुखापर्यंत येते. तिथून पुढे तिला लाटा ताब्यात घेतात. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात, त्यामुळे वाळू किनाऱ्याला समांतर सरकत राहते. नदीच्या मुखाशी आलेली वाळू अशी आजूबाजूच्या किनाऱ्यांवर वाटली जाते.

थोडक्यात, नदी एकच माल आणते, पण खाडी आणि समुद्र त्याची वाटणी करतात. माती खाडीला मिळते आणि वाळू किनाऱ्याला. हा पहिला धागा. तो हातात धरला की नालासोपाऱ्याचा गाळ आणि अर्नाळ्याची वाळू ही एकाच गोष्टीची दोन टोकं दिसायला लागतात.

हे आधीही घडलंय का?

घडलंय, आणि निर्मळच्या शेजारीच.

आजचं सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरच्या बाजारपेठांमध्ये सोपाऱ्याचं नाव येतं. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा इथे सापडला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या ‘बुरुड राजाच्या कोटा’चं उत्खनन केलं, तेव्हा आतून बौद्ध स्तूप निघाला.

एवढं मोठं बंदर आज समुद्रापासून आत, इमारतींच्या गर्दीत आहे. जहाजं जिथे यायची ती खाडी अनेक ठिकाणी नाल्याएवढी उरलीय. सोपारा मागे पडण्याची जी कारणं अभ्यासक देतात, त्यात खाडी गाळाने भरणं हे एक महत्त्वाचं कारण आहे.

म्हणजे खाडीत गाळ येणं हे काही आजचं नाही. ते हजारो वर्षांचं आहे. पण तेव्हा खाडी भरत होती आणि किनाऱ्यालाही वाळू मिळत होती. आज खाडी भरतेय आणि किनारा मात्र उपाशी आहे. मधल्या काळात काय बदललं?

पहिला बदल: पाणी पाइपातून गेलं, वाळू धरणात राहिली

मुंबईला रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून जास्त पाणी लागतं. त्यातलं जवळपास सगळं पाणी वसईच्या दोन बाजूंच्या दोन नदीखोऱ्यांतून जातं.

उत्तरेच्या वैतरणा खोऱ्यात १८९२ साली तानसा धरण झालं. १९५०च्या दशकात मोडकसागर आलं, १९७३ साली अप्पर वैतरणा आणि २०१४ साली मध्य वैतरणा. अप्पर, मध्य आणि मोडकसागर ही तिन्ही एकाच नदीवर, एकाखाली एक आहेत. वैतरणेच्या सूर्या या उपनदीवर धामणी धरण आहे. तिथून वसई-विरारलाच पिण्याचं पाणी येतं. दक्षिणेच्या उल्हास खोऱ्यात भातसा आणि बारवी.

धरणाच्या जलाशयात पाणी शिरलं की त्याचा वेग संपतो. मघाचा नियम आठवा. वेग संपला की गोटे, वाळू आणि मग बरीचशी माती तिथेच बसते. पुढे पाइपातून निघतं ते निवळलेलं पाणी.

म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी होतात. वाळूची गाडी वरच्या स्टेशनातच थांबते. आणि ज्या पुराच्या जोरावर खालची वाळू पुढे सरकायची, तो पूरही धरण भरेपर्यंत अडवला जातो.

बरं, सगळी वाळू अडते का? नाही. धरणांच्या खालच्या भागातून आणि ज्या उपनद्यांवर अजून मोठी धरणं नाहीत, तिथून माल येतोच. म्हणूनच पुढचा मुद्दा महत्त्वाचा. विक्रमगड तालुक्यात देहरजी नदीवर वसई-विरारसाठी धरण बांधलं जातंय. गारगाई आणि पिंजाळ ही धरणं मुंबई महापालिकेच्या नियोजनात आहेत. या तिन्ही नद्या वैतरणेच्याच खोऱ्यातल्या.

या धरणांवर चर्चा होते ती किती पाणी मिळेल, किती झाडं जातील आणि किती गावं उठतील यावर. ती व्हायलाच हवी. पण अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरची किती वाळू कमी होईल, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतो. कारण धरण विक्रमगडला आणि किनारा वसई तालुक्यात. कागदावर दोन वेगळे तालुके, पण नदीसाठी ती एकच वाट.

दुसरा बदल: उरलेली वाळू इमारतीत गेली

धरणातून सुटून खाली आलेल्या वाळूसमोर दुसरा अडथळा आहे, रेती उपसा.

वैतरणेच्या खाडीत रेती काढण्याचा धंदा जुना आहे. पूर्वी तो माणसांच्या ताकदीवर चालायचा. होडीतून जायचं, बुडी मारायची आणि बादलीने रेती वर आणायची. याला डुबी पद्धत म्हणतात. मग सक्शन पंप आले. माणूस दिवसभरात जे काढायचा, ते पंप काही मिनिटांत काढू लागला.

तळातून वाळू काढली की खड्डा पडतो. वरून येणारी वाळू आधी त्या खड्ड्यात पडते, पुढे जात नाही. आणि वाळू नसलेलं पाणी शांत राहत नाही. अभ्यासक त्याला चक्क ‘भुकेलं पाणी’ म्हणतात. त्याच्यात माल वाहण्याची ताकद असते पण माल नसतो, मग ते काठ आणि तळ खरवडायला लागतं. वैतरणा स्टेशनजवळच्या रेल्वे पुलांच्या आसपास होणाऱ्या बेकायदा उपशामुळे पुलांना धोका असल्याच्या बातम्या वारंवार का येतात, त्याचं कारण हे. पुलांच्या मधे असलेल्या वाढीव बेटावरच्या गावकऱ्यांची जमीन काठाकाठाने का ढासळते, त्याचंही.

शाश्वत वाळू उत्खननासाठी केंद्राने २०१६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० साली त्यांच्या अंमलबजावणीसाठी आणखी सूचना दिल्या. त्यातलं मूळ तत्त्व सोपं आहे. नदी जेवढी वाळू नव्याने आणते, तेवढीच काढायची. म्हणजे आधी नदी किती आणते हे मोजावं लागणार, आणि धरणांनंतर तो आकडा कमी झालेला असणार.

मग अर्नाळ्याला काय होतंय?

अर्नाळा किल्ला हे वैतरणेच्या मुखासमोरचं बेट. किल्ल्याभोवती कोळी बांधवांची वस्ती आहे. गेल्या अनेक पावसाळ्यांत इथे लाटा घरांपर्यंत आल्या आणि काही घरं समुद्राने गिळली. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी इथले लोक सातत्याने करत आलेत.

किनाऱ्याची धूप एका कारणाने होत नाही. समुद्राची पातळी वाढतेय. वादळं येतात. वरून येणारी वाळू कमी झालीय. किनाऱ्यावरूनही वाळू चोरली जाते. ही सगळी कारणं एकावर एक चढतात.

आणि पावसाळ्यात दिसणारी प्रत्येक धूप कायमची नसते, हेही समजून घ्यायला हवं. पावसाळ्यातल्या उंच लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात नेतात. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की छोट्या लाटा तीच वाळू परत आणून टाकतात. किनारा दर वर्षी असा श्वास घेतो. पण नेलेल्यापेक्षा परत आलेली वाळू दर वर्षी थोडी कमी भरली, तर दहा वर्षांत सुरूची पहिली रांग जाते आणि वीस वर्षांत दुसरी.

दगडी बंधारा घातला तर? त्याच्यामागचं घर वाचतं, आणि ज्याचं घर लाटेच्या तोंडी आहे त्याला ते हवंच. पण लाट भिंतीवर आपटून मागे जाताना समोरची वाळू खणून नेते आणि भिंत संपते तिथे, शेजारच्याच्या दारात, धूप वाढते. भिंत वाळू थांबवू शकते, नवी आणू शकत नाही. नवी वाळू आणणारी एकच यंत्रणा आहे, आणि ती त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातून सुरू होते.

तिसरा बदल: खाजणावर भराव

आता वळूया पहिल्या व्हिडिओकडे, नालासोपाऱ्याच्या पाण्याकडे.

तुंगारेश्वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस पश्चिमेला उतरतो. वाटेत महामार्गाचा भराव, मग रेल्वेचा भराव. या दोन्हींखालच्या मोऱ्यांमधून जेवढं जाईल तेवढंच पाणी पुढे जातं. पुढे सखल भाग, खाजण, मिठागरं आणि सोपारा खाडी. तिथून ते उत्तरेला किंवा दक्षिणेला निघून समुद्राला मिळतं.

अडचण अशी की समुद्राची दारं दिवसातून दोनदा बंद होतात. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी वर चढतं आणि शहरातलं पाणी बाहेर पडू शकत नाही. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर भरतीची उंची साडेचार मीटरच्या पुढे जाते. त्या काही तासांत पाऊस थांबत नाही. मग ते पाणी थांबणार कुठे?

पूर्वी ते खाजणात आणि मिठागरांत थांबायचं. भाताच्या खाचरांना खारबंदीचा बांध असायचा आणि त्या बांधाला उघाडी. ओहोटी लागली की उघाडीतून आतलं पाणी बाहेर जायचं, भरती आली की झडप बंद. म्हणजे खाजण ही शहराची पाण्याची प्रतीक्षालयं होती.

एक साधा हिशेब करूया. एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला, जो वसईला नवा नाही. एक हेक्टर जागेवर हे पाणी होतं २० लाख लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे २०० टँकर. त्या एक हेक्टर खाजणावर भराव घालून इमारत उभी राहिली, की हे २०० टँकर पाणी गायब होत नाही. ते शेजारच्या सोसायटीत जातं.

जुलै २०१८ मध्ये नेमकं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. रेल्वे ठप्प झाली. वडोदरा एक्स्प्रेस नालासोपाऱ्याजवळ अडकली आणि एनडीआरएफच्या जवानांनी प्रवाशांना बाहेर काढलं. मिठागरातली कुटुंबं पाण्यात अडकली. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांकडून अभ्यास करून घेतला. पावसाचं पाणी भरतीच्या वेळेत साठवून ठेवण्यासाठी धारण तलाव करावेत, ही त्यातली एक प्रमुख शिफारस होती.

जरा थांबून विचार करा. खाजणं हे धारण तलावच होते. आपण ते भरले आणि आता नव्याने खणण्याचा खर्च करायचा.

यात गाळाचा भाग कुठे? डोंगराच्या पायथ्याशी खोदकाम झालं, झाडी गेली की पावसात माती सुटते. ती पूर्वी खाजणात पसरून बसायची, पातळ थराने, हजारो एकरांवर. आता खाजण नाही, काँक्रीटचा नाला आहे. मग तीच माती नाल्यात बसते. सोबत प्लॅस्टिक आणि बांधकामाचा कचरा. दर मे महिन्यात नालेसफाई होते, गाळ काठावर ठेवला जातो आणि जूनच्या पहिल्या पावसात त्यातला बराचसा परत नाल्यात जातो.

एक गंमत लक्षात आली का? डोंगराचा मुरूम डंपरमध्ये बसून खाजणात जातोय. नदीची वाळू डंपरमध्ये बसून इमारतीत जातेय. पूर्वी हा सगळा प्रवास पाणी ठरवायचं. आता डंपर ठरवतो, आणि डंपरला किनारा कुठे आहे हे माहीत नसतं.

चौथी जोडणी जमिनीखाली आहे

नदी आणि किनारा जमिनीवर जोडलेले आहेत, तसेच पाऊस आणि विहीर जमिनीखाली. निर्मळच्या परिसरात ही जोडणी डोळ्यांनी बघता येते. तिचं नाव बावखल.

बावखल म्हणजे वाडीतलं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, वाळूतून हळूहळू खाली मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना मिळतं. याच पाण्यावर वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या केळीच्या आणि फुलांच्या वाड्या उभ्या राहिल्या.

समुद्राकाठच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते थोडं हलकं असतं. दोघांच्या वजनातला फरक अगदी कमी. त्यामुळे साधारण नियम असा निघतो की समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर त्याच्याखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. हे उलटं वाचा. विहिरीची पातळी एक मीटर उतरली, तर खालचं खारं पाणी सुमारे ४० मीटर वर चढू शकतं.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईत टँकरविरोधी आंदोलन पेटलं, त्यामागे हेच गणित होतं. वाड्यांमधल्या विहिरींतून पाणी उपसून टँकरने नव्या इमारतींना विकलं जात होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीने त्याविरोधात लढा दिला. त्यांना लोक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतात, पण वसईत त्यांची पहिली ओळख या लढ्याची आहे.

आज अनेक बावखलं भराव घालून बुजवली गेलीत. प्रत्येक बुजलेलं बावखल दोन कामं बंद करतं. पावसाचं पाणी थांबवायची जागा जाते आणि विहिरीला मिळणारं गोडं पाणीही जातं. म्हणजे जुलैत पूर आणि मेमध्ये खारट विहीर, हे दोन्ही एकाच डंपरमधून येतात.

जगात कुठे काही सुधारलंय का?

२००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जगभरच्या नद्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसाच्या उद्योगांमुळे नद्यांमध्ये येणारा गाळ वर्षाला सुमारे २३० कोटी टनांनी वाढलाय, असं त्यात दिसलं. त्याच वेळी समुद्रापर्यंत पोहोचणारा गाळ सुमारे १४० कोटी टनांनी घटलाय. जमीन जास्त झिजतेय आणि किनाऱ्याला कमी मिळतंय. मधला माल धरणांमध्ये अडकलाय. नालासोपारा आणि अर्नाळ्याचं कोडं हे असं जगाचंच कोडं आहे.

इजिप्तमध्ये १९७० साली आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं आणि नाईल नदीचा गाळ समुद्रापर्यंत पोहोचणं जवळपास बंद झालं. नाईलच्या मुखाचा किनारा खचत गेला.

उलटं उदाहरण अमेरिकेतल्या एल्वा नदीचं. तिथली दोन जुनी धरणं २०११ ते २०१४ दरम्यान पाडली. शंभर वर्षं अडकलेला गाळ मोकळा झाला आणि नदीच्या मुखाशी काही वर्षांतच नवा वाळूचा किनारा तयार झाला.

म्हणून मुंबईची धरणं पाडायची का? अर्थात नाही. कोट्यवधी लोक ते पाणी पितात. पण एल्वाने एक गोष्ट दाखवली. वाट मोकळी झाली की नदी आपलं काम विसरलेली नसते.

मग आपल्याकडे काय करता येईल?

पहिलं, खोऱ्याचा हिशेब एकत्र मांडायचा. नवं धरण ठरवताना पाण्याबरोबर वाळूचाही ताळेबंद हवा. धरणाच्या तळाशी गाळ सोडण्याची दारं ठेवली, तर पुराच्या दिवसांत काही माल खाली सोडता येतो. हे बांधताना ठरवणं सोपं, नंतर फार अवघड.

दुसरं, रेतीचा लिलाव किंवा परवाना देताना नदी दर वर्षी किती नवी रेती आणते ते मोजणं. कमी भरत असेल तर तेवढाच उपसा कमी.

तिसरं, उरलेलं खाजण आणि तिवरं वाचवणं. तिवरांची कत्तल हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलंय. त्यामुळे हा फक्त निसर्गप्रेमींचा मुद्दा राहिलेला नाही. कायद्याने तो तुमच्या-माझ्या हक्काचा मुद्दा आहे.

चौथं, बावखलं. यासाठी कोणत्याही मोठ्या प्रकल्पाची वाट बघावी लागत नाही. असलेलं बावखल बुजू द्यायचं नाही, त्यात सांडपाणी सोडायचं नाही आणि पावसाआधी त्याचा गाळ काढायचा. हा गाळ वाडीला खत म्हणून चालतो.

शेवटी एवढंच

निर्मळ या शब्दाचा अर्थ मळ नसलेलं, स्वच्छ. पाणी स्वच्छ असावं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय आणि पिण्याच्या पाण्यासाठी ते अगदी खरं आहे. पण नदीचं पावसाळ्यातलं गढूळ पाणी बघून ते समुद्रात वाया चाललंय असं म्हणण्याआधी, त्या गढुळपणात काय आहे ते आठवायला हवं. कळंबची वाळू त्यात आहे. अर्नाळ्याच्या घरासमोरचं अंगण त्यात आहे. ज्या जमिनीवर निर्मळ गाव उभं आहे, तीसुद्धा अशाच पाण्यातून आलेली आहे.

पुढच्या पावसाळ्यात ते दोन व्हिडिओ पुन्हा येतील. तेव्हा ते वेगवेगळे फॉरवर्ड करू नका. एकत्र पाठवा, आणि सोबत एक प्रश्न जोडा: तुमच्या इमारतीखाली पूर्वी काय होतं?